श्रीची पर्ची

भनपुरीत, आमच्या शहराच्या कारखान्यांच्या वस्तीत, विंडोज मरत नाही. ती बनवणारे दर काही वर्षांनी जाहीर करतात की अमुक आवृत्ती संपली, आता तिला कोणी वाली नाही. ती बातमी भनपुरीपर्यंत पोचत नाही. इथे विश्वकर्मा पूजेला कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लागतं, कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या पडतात आणि मेलेली विंडोज आणखी वर्षभर ट्रक मोजते. एकाच कंपनीच्या एकाच अंगणात एक्सपी, सेव्हन, टेन आणि इलेव्हन अशा चारही पिढ्या मी एका वेळी कामावर पाहिल्या आहेत. त्यांचं एकमेकींशी पटत नाही आणि भांडण सोडवायला मला बोलावतात.

मी राहतो तात्यापाऱ्यात. आमचे पूर्वज म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर इथे, या हिंदी मुलखात, आले. ते काय जिंकायला आले होते देव जाणे. मी सोळा वर्षं भनपुरीच्या धुळीत गुडघ्यांवर बसून टेबलाखालच्या वायरी ओढतो आहे. लोक मला इंजिनियर म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

माझं निम्मं आयुष्य बॅच स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात गेलं. बॅच स्क्रिप्ट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. रोज हाताने करायच्या पाच-सात कामांची यादी एका साध्या फाइलीत लिहायची. आयकॉन दाबला की यंत्र ती यादी वरून खाली वाचतं आणि कामं उरकतं. एवढं सोपं असताना माझी चूल का पेटते? कारण तीच यादी प्रत्येक विंडोज आपापल्या अकलेने वाचते. तारीख विचारली तर एक आधी दिवस सांगते, दुसरी आधी महिना, आणि तिसरी आधी वार सांगते, मग तारखेच्या नावाच्या फोल्डरचं नाव 'मंगळ'ने सुरू होतं. एक्सपीला 'पाच सेकंद थांब' ही आज्ञाच ठाऊक नाही. तिला थांबवायचं तर तिने स्वतःलाच पाच-सहा हाका मारायच्या आणि स्वतःच ओ द्यायची, अशी तोड आम्ही काढलेली. आणि नव्या विंडोजला 'अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव' म्हटलं, की स्क्रिप्ट आपल्या फोल्डरात न उघडता थेट विंडोजच्या माजघरात जाऊन उभी राहते. मोठेपणा दिला की घर विसरते. असे काही नातेवाईक माझेही आहेत.

पण खरं सांगायचं तर मला विंडोजचा राग कमी आणि माणसांचा जास्त येत असे. पडद्यावर सूचना आली की माणूस ती वाचत नाही, 'ओके' दाबतो. यंत्र विचारतं, हे कायमचं पुसू का? ओके. हे केलंत तर नुकसान होईल, करू? ओके. मग मला फोन: "भैया, अपने आप उड़ गया." अपने आप! सोळा वर्षांत अपने आप काही उडालेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी वैतागून मी एक कागद छापून घेतला, जाड हिंदी अक्षरांत, 'पढ़ो, फिर दबाओ', आणि माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर तो चिकटवला. लोक हसले. मला त्या कागदाचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

ही हकीकत ज्या कारखान्याची, त्याचं नाव घेत नाही. लोखंडाचा माल आत येतो, लोखंडाचाच माल बाहेर जातो. दोन फाटकं, दोन्हीकडे ट्रक तोलायचे काटे. पुढच्या काट्यावर नवीकोरी विंडोज इलेव्हन. मागच्या काट्यावर विंडोज सेव्हन, कारण काट्याला कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड इतकं जुनं, की सेव्हनशिवाय कोणाशी बोलायला तयार नाही. मागच्या काट्यावर अकरा वर्षांपासून एक बाई बसत. सगळे त्यांना दीदी म्हणत, मी ताई म्हणत असे. वडील रेल्वेत, मूळचे विदर्भाकडचे, घर पुरानी बस्तीत. काट्याच्या खोलीत कूलर भिंतीला धडका दिल्यासारखा आवाज करी आणि त्या आवाजावर आवाज चढवून ताई ड्रायव्हरांशी बोलत. त्यांच्या लेखी ड्रायव्हरांना नावं नव्हती. "पैंतालीस इक्कीस, गाडी पीछे लो!" गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे, हेच माणसाचं नाव. पर्चीची, म्हणजे वजनाच्या पावतीची, फाइलही त्याच चार आकड्यांच्या नावाने सेव्ह व्हायची. तीच गाडी दिवसात पुन्हा आली तर आकड्यांपुढे एक रेघ आणि दोन. पद्धत ताईंनीच बसवलेली.

या सगळ्यावर बडे बाबू. दोन्ही फाटकांचा कारभार त्यांच्याकडे. माणूस भाविक. त्यांचा नियम असा की दिवसाची पहिली पर्ची ट्रकची निघता कामा नये, ती श्रीची निघाली पाहिजे. कोऱ्या कागदाच्या माथ्यावर श्री लिहितात ना, तसं. म्हणून सकाळी काटा रिकामा ठेवून बटण दाबायचं, वजन शून्य, गाडीच्या नावाच्या जागी देवनागरीत 'श्री', आणि ती छापलेली पर्ची भिंतीवरच्या गणपतीपुढे जास्वंदाच्या फुलाखाली. मी याची यथेच्छ टिंगल केली होती. देवाचं वजन शून्य, हे लेखी देणारा हा देशातला एकमेव कारखाना असेल, असं मी बडे बाबूंना तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, "हव, इसीलिए तो दबता नहीं किसी से."

घोळ एवढाच, की संध्याकाळी सगळ्या पर्च्यांच्या फाइली हेड ऑफिसला जात आणि तिथल्या प्रोग्रामला हा श्री नावाचा शून्य वजनाचा ट्रक पचत नसे. म्हणून ताई रोज संध्याकाळी श्रीची फाइल हाताने काढून टाकत आणि मग बाकीच्या पाठवत. अकरा वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. ही माहिती त्या वेळी मला महत्त्वाची वाटली नाही.

कारखान्याने मला सांगितलं, हे काम आपोआप होऊ द्या. मी स्क्रिप्ट लिहिली. पहिली आज्ञा, श्रीची फाइल पूस. दुसरी, उरलेल्या हेड ऑफिसच्या फोल्डरात टाक. तिसरी, इथल्या फाइली कालच्या फोल्डरात हलवून जागा मोकळी कर. पुढच्या काट्यावर, नव्या विंडोजवर, ती लोण्यासारखी चालली. मग एका रविवारी मागच्या काट्यावर गेलो.

ताई सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मी हातानं काढते ना रोज. काहून पाहिजे हे?"

"ताई, माणूस चुकते, मशीन नाही चुकत," मी म्हणालो. हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा कोणाला तरी ऐकवत असे.

फाइल सेव्हनच्या नोटपॅडमध्ये उघडली, फोल्डरचा पत्ता बदलला, सेव्ह केली, चालवली. पहिल्याच ओळीला ठेच. ओळीच्या आधी तीन विचित्र चिन्हं येऊन बसलेली, जी मी टाकलीच नव्हती. हा रोग मला पाठ होता. जुनं नोटपॅड फाइलीच्या डोक्यावर आपली एक खूण टाकतं आणि स्क्रिप्ट वाचणारी काळी खिडकी त्या खुणेला अडखळते. उपायही पाठ होता. सेव्ह करताना अक्षरांचा साधा, जुना प्रकार निवडायचा, खूण जाते. निवडला. पडद्यावर एक पिवळा त्रिकोण आणि दोन-तीन ओळींची सूचना आली. मी ओके दाबलं.

स्क्रिप्ट चालली. काळ्या खिडकीत इंग्रजी काही दिसलं की ऑपरेटर घाबरून मला फोन करतात, म्हणून यंत्राचं सगळं बोलणं मी आधीच बंद करून ठेवलं होतं. काहीही होवो, शेवटी एकच ओळ दिसायची: 'सब ठीक है', रोमन अक्षरांत. रविवार असल्याने फोल्डरात फक्त ताईंनी चाचणीसाठी काढलेली श्रीची पर्ची होती. ती पुसली गेली. सब ठीक है. ताईंना आयकॉन दाखवला, संध्याकाळी हा दाबायचा, बस. निघताना मॉनिटरवरचा 'पढ़ो, फिर दबाओ' एका कोपऱ्यातून सुटला होता, तो अंगठ्याने दाबून नीट चिकटवला.

बुधवारी दुपारी बडे बाबूंचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं कोणी ट्रकखाली आलं. हेड ऑफिसने दोन दिवसांच्या पर्च्या ताडून पाहिल्या होत्या. मागच्या फाटकातून गेलेल्या गाड्यांच्या दुसऱ्या फेरीच्या पर्च्या होत्या, पण पहिल्या फेरीची एकही नव्हती. पैंतालीस इक्कीसची दुसरी फेरी आहे, पहिली नाहीच. यावरून कोणीही शहाणा माणूस जो निष्कर्ष काढेल तोच त्यांनी काढला: पहिली फेरी पर्चीशिवाय सोडायची, माल गायब. आणि काट्यावर कोण बसतं?

मी गेलो तेव्हा ताई फाटकापाशी भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. त्यांची पिशवी तपासून झाली होती. जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला होता, हे त्यांनीच सांगितलं. "डब्यात लोखंड नेऊन राहिली का मी?" एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्याकडे कागदाच्या दुसऱ्या प्रती होत्या, सगळ्या फेऱ्यांच्या, दोऱ्यात ओवलेल्या. बडे बाबूंनी त्या पाहायला नकार दिला. "कागज़ तो कोई भी बना ले, दीदी. कंप्यूटर झूठ नहीं बोलता." मग माझ्याकडे वळून, "भैया, तुम लिख के दो. किसने डिलीट किया?"

मी मशीनवर बसलो. दहा मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, जाणकार दिसण्यापुरतं. फाइली रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास, ताईंच्या लॉगिनमधून, पुसल्या गेल्या होत्या. मी तसंच लिहून दिलं. 'ऑपरेटर के लॉगिन से डिलीट हुई.' एक अक्षर खोटं नव्हतं. सही केली, तारीख घातली. बडे बाबूंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. ताईंना सांगण्यात आलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी स्वतःच्या अक्षरात लिहून आलो आणि येताना रस्त्यात आंबे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन. मला वाटलं, आता गयावया करतील किंवा शिव्या देतील. दोन्हीची तयारी ठेवली.

"भाऊ, एक सांग मले. जो चोर पयली फेरी लपवते, तो दुसरी काहून ठेवते? दोनी नाही लपवनार?"

मी म्हणालो, चौकशीत निघेल ते.

"बरं. आन श्रीची पर्ची? तीबी गेली ना. ती कोन चोरनार? तिच्यात तर काहीच नाही."

मी सांगायला गेलो की श्रीची तर स्क्रिप्ट पुसते. स्क्रिप्ट श्रीची पुसते. श्रीचीच ना?

"ताई, फोन ठेवतो," म्हटलं आणि गाडी काढली. तात्यापारा ते भनपुरी, भर उन्हात, डोक्याला रुमालही नाही.

मागच्या काट्यावर स्क्रिप्टची फाइल उघडली. पहिल्या आज्ञेत मी 'श्री' लिहिलं होतं. तिथे श्री नव्हता. तिथे चार प्रश्नचिन्हं होती. साधा जुना प्रकार निवडून सेव्ह केलं, त्या प्रकाराला देवनागरी येत नाही, आणि जे येत नाही त्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. श्री हे दिसायला एक अक्षर, पण यंत्राच्या पोटात ते चार तुकड्यांचं: श, हलन्ताची खूण, र, आणि दीर्घ वेलांटी. चार तुकडे, चार प्रश्नचिन्हं. आणि या काळ्या खिडकीच्या भाषेत प्रश्नचिन्हाचा अर्थ असतो, इथे कोणतंही अक्षर चालेल. चार प्रश्नचिन्हं म्हणजे ज्या फाइलीचं नाव चार अक्षरांपर्यंत आहे ती प्रत्येक फाइल. पैंतालीस इक्कीस. बत्तीस शून्य सात. सगळ्या पहिल्या फेऱ्या. दुसऱ्या फेरीच्या नावात रेघ आणि दोन होते म्हणून त्या वाचल्या. आणि श्रीची फाइलही त्या चारांत बसत होती, म्हणून रविवारी माझी चाचणी पास झाली.

तो पिवळा त्रिकोण काय सांगत होता, ते मी आता मुद्दाम पुन्हा काढून वाचलं. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं: या फाइलीतली काही अक्षरं असं सेव्ह केल्यास नष्ट होतील. पुढे जायचं? याहून स्पष्ट कोण सांगणार? घरी येऊन दार वाजवायचं होतं का त्याने? वर पाहिलं तर 'पढ़ो, फिर दबाओ'. मला त्या कागदाची अशी चीड आली की फाडून टाकावा. फाडला नाही. फाडला असता तर ऑपरेटरने फाडला म्हणून कोणीतरी आणखी एक अहवाल लिहिला असता.

आता मी काय करावं हे उघड होतं. मी जे केलं ते सांगतो. बडे बाबूंना म्हणालो की ताईंची चूक नाही, जुन्या विंडोजमुळे झालं, स्क्रिप्ट तिथे वेगळी वाचली गेली. हेही एका अर्थी खरंच. आयुष्यभर विंडोजला नावं ठेवली, ती अशी उपयोगाला आली. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि माझं अंगण तर दर तीन वर्षांनी नव्याने वाकडं होऊन मिळतं. बडे बाबूंनी लगेच सुस्कारा सोडला. चोर नसण्यात त्यांचीही सोय होती. "अरे, तो विंडोज की गलती है! लिख दो, भैया. चाय पियोगे?" पिशवी नाही, डबा नाही, भिंतीची सावली नाही. चहा. वर बिस्किटं.

शुक्रवारी सकाळी ताईंना बोलावलं. बडे बाबूंनी हिंदीत एक कागद टाइप करून ठेवला होता, मीच सांगितलेल्या मजकुराचा. पुराने विंडोज की तकनीकी खराबी से पर्चियाँ मिटीं, ऑपरेटर को काम पर वापस लिया जाता है. आणि खाली, त्यांच्या स्वतःच्या पदरची एक ओळ: कंप्यूटर पर काम करते समय आगे से पूरी सावधानी रखी जाएगी. त्याखाली ताईंच्या सहीची जागा.

"दीदी, साइन कर दो, फिर बैठो काँटे पे. गाड़ियाँ खड़ी हैं."

ताईंनी पेन घेतला नाही. कागद घेतला, टेबलावर सरळ ठेवला आणि वाचू लागल्या. ओळीखाली बोट ठेवून, हळू. बाहेर पैंतालीस इक्कीस हॉर्न वाजवत होता.

"अरे, फॉर्मेलिटी है, दीदी. कर दो ना."

त्यांनी मान वर न करता मॉनिटरकडे बोट दाखवलं. "भैया ने ही लगाया है. पढ़ो, फिर दबाओ." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. माझे कान तापले. कूलर समोर होता, तरी.

वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "विंडोज जुनी होती म्हनून झालं, भाऊ?"

विंडोज अकरा वर्षं जुनीच होती. अकरा वर्षं ताई तिच्यावर हाताने श्रीची फाइल पुसत होत्या आणि एक फाइल इकडची तिकडे झाली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळं झालं. मशीननं विचारलं होतं. मी न वाचता ओके दाबलं."

बडे बाबू एकदा माझ्याकडे, एकदा गणपतीकडे पाहू लागले. माझ्या बुधवारच्या अहवालाचं काय करायचं हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला असावा. ताईंना काही प्रश्न पडला नव्हता. त्यांनी शेवटच्या ओळीवर, सावधानीच्या ओळीवर, बोट ठेवलं आणि कागद टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला.

"मंग हे मायं नाही. हे तुहं आहे. कर सही."

आणि त्या उठून काट्यावर गेल्या, काटा रिकामा करवला आणि श्रीची पर्ची काढली. प्रिंटर करकरत होता तेवढ्यात मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, 'पुराने विंडोज की तकनीकी खराबी' खोडून तिथे 'मेरी गलती' लिहिलं, पुन्हा एकदा वाचला, आणि मग सही केली.